पडदा पडल्यावर बोल

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रविवारच्या प्रयोगाला मंत्री येणार, तुमच्यातल्या चौघांनी ते आत येताच घोषणा द्यायचं ठरवलंय, आणि तू तेव्हा रंगमंचावर असणार. काय करू, विचारतेस.

राग गिळ, असं मी सांगणार नाही. ‘नाटकात राजकारण नको’ हे मला कधीच पटलं नाही. पहिल्या रांगेतल्या राखीव खुर्च्या आणि मध्यंतरातले हारतुरे हेही राजकारणच असतं. एरवी बंदोबस्ताच्या पलीकडे असणारा माणूस इथं लोकांच्या शेजारी बसतो. त्याला नापसंती ऐकू आलीच पाहिजे.

पण कधी? मी लाइट्स सांभाळायचो तेव्हाचं सांगतो. एकदा एक पुढारी पहिला अंक चालू असताना आले. प्रेक्षकांतून हुर्यो उठली, मग त्यांच्या माणसांच्या उलट घोषणा. रंगमंचावर आईचं काम करणारी बाई मुलगा गेल्याचं पत्र वाचत होती. तिनं पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली आणि तशीच उभी राहिली. मी स्पॉट तिच्यावर धरून ठेवला, दुसरं काय करणार! उशिरा येऊन प्रयोग मोडणं ही पहिली चूक पुढाऱ्यांची, हे मी आजही म्हणतो. पण ते निवांत बसले, आणि तिचा प्रसंग हातातून गेला तो गेलाच.

१८ नोव्हेंबर २०१६ ला न्यूयॉर्कच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरमध्ये ‘हॅमिल्टन’ हे संगीतनाटक बघायला माइक पेन्स आले होते, नुकतेच अमेरिकेच्या उपाध्यक्षपदी निवडून आलेले. काहींनी हुर्यो केली, काहींनी टाळ्या वाजवल्या. नाटक संपल्यावर ब्रँडन व्हिक्टर डिक्सन हा नट सहकाऱ्यांना मागे घेऊन पुढे आला. पेन्स निघाले होते. लोक पुन्हा ओरडू लागले, तेव्हा त्यानं आधी लोकांनाच थांबवलं. मग पेन्सना ‘सर’ म्हणून, आल्याबद्दल आभार मानून सांगितलं की नवं सरकार आम्हाला, आमच्या मुलाबाळांना, आईवडिलांना सांभाळेल का, याची आम्हाला धास्ती वाटते. पेन्स दाराबाहेर थांबून ऐकत होते. राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या ट्रम्पनी नटांना माफी मागा म्हणून ट्विट केलं. पेन्स मात्र दोन दिवसांनी टीव्हीवर म्हणाले, मला अपमान वाटला नाही. हुर्यो ऐकून मुलांना सांगितलं, स्वातंत्र्याचा आवाज असाच असतो.

आपल्याकडे १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. आणीबाणी चालू होती. दुर्गाबाईंनी आणीबाणीविरोधी नेते, आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सांगितलं. कुणाला शिवी नाही. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं, म्हणजे ते शब्द पोचले होते.

तेव्हा त्या चौघांना सांग, हुर्यो करायची तर तिसऱ्या घंटेआधी करा, नाहीतर मध्यंतरात. पडदा वर असताना नको. ‘बाहेर जा’ असं कुणाला म्हणू नका, आणि मंत्र्यांच्या घरच्यांकडे बोट दाखवू नका. तू पडदा पडल्यावर बोल. कागदावर लिहून बोल, घाबरल्यावर शब्द घसरतात. आणि सहकलाकारांना आधी विचार. त्यांच्या वतीनं बोलायचं तर त्यांचा होकार हवा.

शनिवारी तालमीनंतर कागद घेऊन ये. दोघं बसून मोठ्यानं वाचून बघू.

तुझा,
सर