भयपटांचा इतिहास वाचायचाय? विश्वकोशापासून सुरुवात नको

नावं आणि सालांनी भरलेला जाडजूड ग्रंथ आधी घेऊ नका. मी घेतला होता, अजून शंभराव्या पानावर खूण अडकलीय.

डेव्हिड स्काल यांचं 'द मॉन्स्टर शो' (१९९३) आधी वाचा. महायुद्ध, मंदी, अणुबॉम्ब, एड्स... त्या त्या काळाची धास्ती पडद्यावर कुठल्या राक्षसाचं रूप घेते, हे ते गप्पा मारल्यासारखं सांगतात. 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेनस्टाइन' दोन्ही १९३१चे, म्हणजे ऐन मंदीतले, हे मला तिथेच पहिल्यांदा जाणवलं.

मग जर्मन मूकपट. इथे घाई करू नका. सिगफ्रीड क्राकाउअर 'फ्रॉम कॅलिगारी टू हिटलर' या पुस्तकात १९४७ साली म्हणतात की, त्या सिनेमांत हिटलरच्या हुकूमशाहीची चाहूल होती. वाचताना पटतं. पण पुढे काय घडलं हे ठाऊक असलेला माणूस मागे वळून पाहतोय, हे विसरू नका. म्हणून लगेच लोटे आइसनर यांचं 'द हॉन्टेड स्क्रीन' उघडा. दोघांनीही १९३३मध्ये जर्मनी सोडलेली, काळ तोच. पण आइसनर बघतात ते प्रकाश-सावल्या, रंगभूमीचे संस्कार, जुना स्वच्छंदतावाद (रोमँटिसिझम). या दोघांचं न जुळणं हाच खरा अभ्यास.

स्लॅशरपटांसाठी, म्हणजे सुरा घेऊन एकेकाला गाठणाऱ्या खुन्याच्या सिनेमांसाठी, कॅरल क्लोव्हर यांचं 'मेन, विमेन अँड चेन सॉज'. 'फायनल गर्ल', म्हणजे शेवटी जिवंत उरणारी मुलगी, ही संज्ञा त्यांचीच. गंमत म्हणजे बाई मूळच्या मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन साहित्याच्या अभ्यासक! भाषा जड आहे, पहिलं प्रकरण वाचलंत तरी पुरे.

आणि हो, ही पुस्तकं शेवट बिनधास्त फोडतात. आधी सिनेमा बघा, मग प्रकरण वाचा.