बाहेरची कड झिजते, म्हणून हवा वाढवावी का?

प्रश्न : माझी स्पोर्ट्स कार मी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवर नेतो. टायर रस्त्याचेच आहेत. पुढच्या टायरची बाहेरची कड झिजत होती, म्हणून कोल्हापुरातून निघताना चारी चाकांत 38 पीएसआय हवा भरली. तर तिसऱ्या लॅपपासून गाडीचं तोंड वळणात बाहेरच जायला लागलं. काय चुकलं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : कड झिजते ती कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकण्याचा कोन, कमी पडतो म्हणून. हवा वाढवून ते भरून निघत नाही, उलट पकड जाते. 28 अंश सेल्सिअसला भरलेली 38ची हवा टायर 75 अंशांपर्यंत तापला की 45-46वर पोचते. टायर मधोमध फुगतो आणि जमिनीला टेकणारा पट्टा अरुंद होतो.

ट्रॅकवर आकडा धरायचा तो गरम टायरचा. तुमच्या टायरला 34-35 गरम हे चांगलं लक्ष्य. त्यासाठी तिथेच सकाळी, थंड टायरात 28 ठेवा. चार लॅप जोरात मारा, पिटमध्ये (ट्रॅकलगत गाड्या थांबतात तिथे) येताच मिनिटभरात गेज लावा आणि प्रत्येक चाकातली जास्तीची हवा सोडा. उजवी वळणं जास्त असली की डावे टायर अधिक तापतात, त्यामुळे थंड आकडे चारी चाकांना सारखे राहणार नाहीत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथले 30 तिथे त्याच तापमानाला 29 दिसतात, गेजवर शंका घेऊ नका. कोरडा नायट्रोजनही तापल्यावर जवळपास तेवढाच वाढतो.

कड तपासायला टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा ओढा. खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकापर्यंत खडू पुसला गेला तर ठीक. त्याच्याही खाली गेला तर टायर कडेवर लोळतोय. हवा बरोबर असूनही असं होत असेल तर कॅम्बर वाढवा.

उद्यमनगरात अलाइनमेंटला जाताना आकडे लिहून न्या : पुढे कॅम्बर उणे (म्हणजे आत झुकलेला) 2 ते अडीच अंश, मागे उणे दीड, टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर वळलेली असणं) पुढे शून्य, मागे एकूण 2 मिलिमीटर आत. मशीनवर हे कंपनीच्या मर्यादेबाहेर म्हणून लाल दिसेल. ‘हिरव्यात आणतो’ म्हटलं तर नको म्हणा. बऱ्याच गाड्यांत कंपनीच्या बोल्टवर एवढा कॅम्बर मिळत नाही, कॅम्बर बोल्ट किंवा कॅम्बर प्लेट लागते. अलाइनमेंट करताना टाकी अर्धी ठेवा आणि ड्रायव्हर सीटवर तुमच्या वजनाइतकी वाळूची पोती. आधी कॅम्बर, मग टो : कॅम्बर हलला की टोही हलतो, आणि आधी टो लावण्याची चूक फार ठिकाणी होते.

परतीला हायवेवर लागण्याआधी टायर पूर्ण थंड होऊ द्या आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा भरा. एवढ्या कॅम्बरवर रोज गाडी चालवलीत तर आतली कड झिजेल. ती उभ्याने दिसत नाही. महिन्यातून एकदा चाक उचलून आतून हात फिरवा.