दुधी अंगठ्याएवढा होऊन गळतोय? संध्याकाळी सातला बाल्कनीत जा

तुम्ही लिहिलंय की अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत दुधी आणि दोडका छान चढलेत, फुलंही भरपूर येतात, पण दुधी अंगठ्याएवढा झाला की पिवळा पडून गळतो. नर्सरीवाल्याने टॉनिकची बाटली दिली आणि इथे आधी उत्तर दिलेल्या दोघांनी डीएपी खत घालायला सांगितलंय. ताई, ती बाटली तूर्त कोपऱ्यात ठेवा, आणि डीएपी नकोच. तुमच्या फोटोत पानं ताटाएवढी आणि हिरवीगार दिसतायत, तणाव्यांनी ग्रिल गच्च धरलंय. हा वेल उपाशी नाही. याच्या फुलांना पराग मिळत नाहीये.

फूल हातात घेऊन बघा. नर फुलाचा देठ लांब आणि सडसडीत असतो, मागे काही नसतं. मादी फुलाच्या मागे उमलायच्या आधीपासूनच एक चिमुकला दुधी असतो, बोटाच्या पेराएवढा, मऊ पांढरी लव असलेला. तो दिसला की आपण ‘दुधी धरला’ म्हणून घरभर सांगत सुटतो. पण तो अजून धरलेला नसतो. पराग पोचला तरच पुढे वाढतो, नाहीतर टोकाकडून पिवळा पडत तीन-चार दिवसांत गळून जातो. पहिले दहा-पंधरा दिवस तर बहुतेक वेलांवर नुसती नर फुलंच येतात, तेव्हा ती गळाली म्हणून घाबरायचं नाही.

आता मुख्य गोष्ट, वेळेची. दुधीचं पांढरं फूल दिवस मावळताना उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की मान टाकतं. त्यावर मुख्यतः रात्री फिरणारे पतंग येतात. ते तुमच्या ग्रिलमधून अकराव्या मजल्यावर येण्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. दोडकाही संध्याकाळचाच. त्याचं सख्खं भावंड घोसाळं मात्र पहाटे उमलतं; काकडी, कारलं आणि लाल भोपळा हेही सकाळचे. हे माहीत नव्हतं तेव्हा मी एक अख्खा पावसाळा रोज सकाळी आठला, चहा झाल्यावर, रंगकामाचा ब्रश घेऊन दुधीच्या कोमेजलेल्या फुलांना गुदगुल्या केल्या. एकही दुधी लागला नाही. मग रागाने मूठभर युरिया घातला. वेल असा फोफावला की शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत गेला, आणि फुलं सगळी नर. जास्त नत्र दिलं की हेच होतं.

संध्याकाळी साडेसहा-सातला टॉर्च घेऊन जा. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या सोलून टाका. मधला पिवळसर दांडा बोटाला लावून बघा, पावडर लागली पाहिजे. नाही लागली तर दुसरं फूल घ्या. मादी फुलाच्या मधोमध तीन जाडसर, किंचित चिकट गाठी दिसतील. तिन्हींवर तो दांडा हलक्या हाताने फिरवा. एकाच गाठीला लावून सोडलं तर दुधी कधीकधी वेडावाकडा होतो, एका बाजूला बारीक राहतो. देठाला लोकरीचा धागा बांधून ठेवा, नाहीतर कोणतं केलं नि कोणतं राहिलं ते कळत नाही. पावसाची झड लागली असेल तर फुलावर कागदाचा कोन उलटा घाला. पराग भिजला की वाया गेला.

दोडक्याला हेच करायचं. फक्त त्याची नर फुलं घोसात येतात आणि एकेक करून उमलतात, मादी एकटी असते आणि तिच्या मागच्या चिमुकल्या दोडक्याला शिरासुद्धा दिसतात.

दोन-तीन दिवसांत निकाल कळतो. जमलं असेल तर दुधीचा देठ जाड होऊन खाली वळतो आणि दुधीला तजेला येतो.

मादी फुलं कमी असतील तर मुख्य वेलाचा शेंडा खुडा. दुधीची मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात. हे मात्र वेल ग्रिलच्या वरपर्यंत पोचल्यावर, रोप असताना नाही. आणि कुंडी? दुधीला वीस लिटरची रंगाची बादली म्हणजे अगदीच कमीत कमी. त्यात दोन वेल असतील तर एक काढून टाका, कितीही जिवावर आलं तरी.

दुधी वीतभर झाल्यावर सडायला लागला तर ते दुखणं वेगळं, फळमाशीचं. सालीवर सुईने टोचल्यासारखा ठिपका आणि त्यातून डिंक आलेला दिसेल. त्यासाठी फळ लहान असतानाच जुन्या ओढणीच्या तुकड्याची पिशवी करून घाला. सडलेलं फळ कंपोस्टमध्ये टाकू नका, आतल्या अळ्या मातीत कोष करतात. पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, मग फेका.

लागला की साधारण बारा-पंधरा दिवसांत दुधी काढायला येतो. नख सहज रुतायला हवं. चिरताना एक चकती जिभेला लावून बघा आणि कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. मीठ लावून, पिळून वापरायच्या फंदात पडू नका, कडू दुधीचा रस तर चुकूनही नको, त्याने माणसं दगावलेली आहेत.