घोडा कोणाचा आणि ओतला कोणी?

बुडापेस्टच्या ललितकला संग्रहालयातला तो छोटा कांस्याचा घोडेस्वार खरंच लिओनार्दोचा का, आणि एक्स-रे काढून एकदाचं ठरवून का टाकत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. एक्स-रे काढून झालेत. 2009 साली वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्याची तपासणी झाली. तरी वाद मिटला नाही, कारण यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत: मेण कोणाच्या हातचं, आणि धातू कोणी ओतला? (अशी मूर्ती आधी मेणात घडवतात, मग ते मेण वितळवून त्याच्या जागी धातू ओततात.)

माझं आयुष्य ओतकामात गेलं, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. मेणावर अंगठा टेकला तर रेघांसकट ठसा धातूत उतरतो. पण तो अंगठा मूर्तिकाराचा की साच्यात मेण दाबणाऱ्या कारागिराचा, हे धातू सांगत नाही. मूळ मेणावरच माती लिंपून ओतलं, तर मेण वितळून जातं आणि नग एकच निघतो. आधी तुकड्यातुकड्यांनी सुटणारा साचा काढून ठेवला, तर त्यातून पाहिजे तेवढी मेणं निघतात. इटलीतल्या मांतुआचा मूर्तिकार अँटिको हेच करायचा. जुन्या साच्यांवरून मूर्ती पुन्हा ओतून देतो, असं त्याने 1519 साली तिथल्या राजघराण्यातल्या इझाबेला देस्तेला कळवलं होतं. एक्स-रेत धातूची जाडी, आतला मातीचा गाभा धरणाऱ्या खिळ्यांच्या जागा, मेणाचे सांधे, अडकलेली हवा दिसते; मिश्रधातूच्या तपासणीत कथील-जस्त किती ते कळतं. त्यावरून पद्धत आणि साधारण काळ सांगता येतो. नाव नाही.

आता मेणाकडे या. घोडा जेमतेम 24 सेंटिमीटरचा. इश्तवान फेरेन्त्सी या हंगेरियन शिल्पकाराने रोममध्ये शिकत असताना तो घेतला, 1914 साली तो संग्रहालयात आला आणि 1916 साली कला-इतिहासकार सिमोन मेलरने लिओनार्दोचं नाव पुढे केलं. म्हणजे फेरेन्त्सीच्या आधीची तीनेकशे वर्षं कागदोपत्री रिकामी आहेत, आणि खरी अडचण तीच. बाजूने बोलणारा पुरावा शैलीचा आहे: मागच्या पायांवर बसकण घेऊन उसळलेला देह, वळलेली मान, उघडं तोंड. लिओनार्दोने 'अंगियारीची लढाई' या आपल्या चित्रासाठी काढलेले घोडे इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर इथल्या संग्रहात आहेत, ते शेजारी ठेवून पाहा. तिथल्याच एका कागदावर लिओनार्दोने स्वतःसाठी टीप लिहिलीय, बोटभर लांबीचा एक मेणाचा कर. ती वाचली की माझ्या अंगावर काटा येतो.

पण त्याने स्वतः ओतलेलं एकही कांस्य आज हाती नाही. मिलानमध्ये तो करणार होता त्या प्रचंड कांस्य घोड्यासाठी जमवलेला धातू 1494 साली तोफांसाठी गेला, मातीचा नमुना 1499 साली फ्रेंच तिरंदाजांनी फोडला. तुलना करायची तरी कशाशी?

माझं मत विचाराल तर कल्पना लिओनार्दोची, आणि ओतलं दुसऱ्या कोणीतरी, बहुधा त्याच्या मृत्यूनंतर. स्वाराबद्दल मी एवढं ठामपणे बोलणार नाही. तो वेगळा ओतलेला आहे.

याच ठेवणीचे घोडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आणि डब्लिनलाही आहेत. फक्त फोटो पाहू नका, मापं ताडून बघा. धातू थंड होताना आक्रसतो, त्यामुळे तयार कांस्यावरून साचा काढून ओतलेली नक्कल मुळापेक्षा थोडी लहान भरते. कान ते खूर, छाती ते शेपटीचं मूळ, अशी चार-पाच अंतरं पुरतात.