क्रूझच्या बिलात 18 टक्के आधीच लावलेले असताना बारटेंडरला वेगळी टीप द्यावी का?

तुम्ही विचारले आहे की पुढच्या महिन्यात फ्लोरिडाहून निघणाऱ्या सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझवर तुम्ही, पत्नी, दोन मुले आणि भारतातून आलेले आईवडील असे सहा जण जाणार आहात. तुम्ही दोघांनी पेयांचे पॅकेज (एकदाच पैसे भरून आठवडाभर पेये घेण्याची सोय) घेतले आहे, आईवडिलांनी घेतलेले नाही, कारण ते दारू पीत नाहीत. पॅकेजवर 18 टक्के टीप आधीच वसूल झाली आहे, माणशी रोजची रक्कम वेगळी लागणार आहे, आणि एवढे असूनही बारच्या पावतीवर जादा टीपेसाठी एक रिकामी ओळ असते असे तुमच्या मित्राने सांगितले. मग त्या ओळीत काही लिहायचे का, आणि न लिहिल्यास वाईट दिसेल का, हा तुमचा प्रश्न आहे.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. गोव्यात हॉटेल मॅनेजमेंट केल्यावर नऊ वर्षे अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटींवर बारमध्ये नोकरी केली. सुरुवातीला बार युटिलिटी म्हणजे बारमधला वरकाम्या, पुढे बार वेटर आणि शेवटची चार कॉन्ट्रॅक्ट बारटेंडर म्हणून. त्यामुळे हे उत्तर काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे. तुम्हाला जादा टीप देण्याचे कोणतेही बंधन नाही आणि न दिल्याने तुम्ही कोणाचे काही बुडवत नाही. तरीही तुमच्या सहा जणांत एक जागा अशी आहे जिथे हातात काहीतरी ठेवावे असे मला मनापासून वाटते. ती जागा तुमच्या कॉकटेलची नाही, तुमच्या आईवडिलांच्या लिंबूपाण्याची आहे. असे का, ते समजण्यासाठी पैसे कोठून कोठे जातात हे आधी पाहावे लागेल.

बोटीवर दोन निरनिराळ्या रकमा तुमच्या खात्यात पडतात आणि बहुतेक प्रवासी त्या एकच समजतात. पहिली रोजची, माणशी. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या साध्या केबिनसाठी ती साधारण 16 ते 20 डॉलरच्या दरम्यान असते आणि मुलांनाही लागते. 18 डॉलर धरले तर तुमच्या सहा जणांचे सात दिवसांचे 756 डॉलर होतात. हा आकडा पाहून माणूस दचकतो आणि एवढ्यात बारटेंडरचेही भागले असेल असे समजतो. मात्र ही रक्कम मुख्यतः केबिन आवरणाऱ्यांची, जेवणाच्या दालनातल्या वेटरांची आणि त्यांच्या मागे राबणाऱ्या लोकांची असते. बारच्या माणसांसाठी असते ती दुसरी रक्कम, म्हणजे प्रत्येक पेयावर आपोआप लागणारे 18 टक्के. काही कंपन्यांत ते 20 टक्के आहेत. 14 डॉलरच्या कॉकटेलवर 2 डॉलर 52 सेंट लागतात आणि पावती 16 डॉलर 52 सेंटची येते. ती रिकामी ओळ याच्याही खाली असते. पॅकेज घेतलेल्यांकडून हे 18 टक्के पॅकेज विकतानाच घेतलेले असतात, म्हणून पुढे आठवडाभर प्रत्येक पावतीवर शून्य दिसते. ते शून्य पाहून पुष्कळ लोकांना अपराधी वाटते. तसे वाटून घेण्याचे कारण नाही. तुम्ही आधीच दिलेले आहे.

मी ज्या बोटींवर होतो तेथे हे टक्के एकट्या बारटेंडरच्या खिशात जात नसत. बार वेटर, बारटेंडर आणि बार युटिलिटी अशी त्याची वाटणी ठरलेली असे. बार युटिलिटी हे पद प्रवाशांना दिसतच नाही. पूलच्या, म्हणजे पोहण्याच्या तलावाजवळच्या, बारवर दुपारी दोन वाजता, तीन हजार माणसे उन्हात पडलेली असताना, बर्फ संपत आला की खालच्या डेकवरून बादल्या भरभरून आणणारा, धुण्याच्या वाफाळत्या मशीनमधून ग्लास काढणारा, फुटलेली काच हातमोजे न शोधता उचलणारा तो मुलगा असतो. माझे पहिले कॉन्ट्रॅक्ट पूर्ण याच कामात गेले. दोन्ही हातांत एकेक बादली घेऊन हलत्या बोटीवर जिना चढताना कठडा धरता येत नाही, म्हणून खांदा भिंतीला घासत चढायचे. माझ्या शर्टाची डावी बाही आठ महिन्यांत दोनदा विरली होती.

तुमची ओढाताण ज्या दोन सवयींमुळे होते आहे, त्या दोन्ही जमिनीवरच्या आहेत. तुम्ही अमेरिकेत राहता, तेथे बारमध्ये दर ग्लासमागे एक-दोन डॉलर ठेवण्याची रीत तुमच्या अंगवळणी पडली आहे. त्या रीतीला कारण आहे: टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचे केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2 डॉलर 13 सेंटवरच थांबलेले आहे. काही राज्यांनी ते वाढवले असले तरी टीपेशिवाय त्या माणसाचे घर चालत नाही, हे सगळ्या देशाने गृहीत धरले आहे. फ्लोरिडाच्या धक्क्यावर उभी असलेली तुमची बोट मात्र बहुधा बहामास किंवा पनामाच्या झेंड्याखालची, म्हणजे त्या देशात नोंदलेली, असते आणि अमेरिकेचा वेतन कायदा तिला लागू होत नाही. तेथे बारटेंडरची कमाई त्याच्या कॉन्ट्रॅक्टमधून ठरते आणि बिलावरचे 18 टक्के त्या कमाईत धरलेले असतात. म्हणून त्यावर दर ग्लासला आणखी डॉलर ठेवणे म्हणजे एकाच पेयावर दुसऱ्यांदा टीप देणे होय. ऐपत असेल तर खुशाल द्यावी, पण ती न देणाऱ्याकडे बारटेंडर वाकड्या नजरेने पाहतो हा समज चुकीचा आहे.

दुसरी सवय तुमच्या वडिलांकडून येईल. भारतात उपाहारगृहांनी बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती कायम ठेवली. त्यामुळे पुण्या-मुंबईत बिल आले की सेवाशुल्क काढायला सांगणारे ग्राहक आता वाढले आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण हाच आग्रह बोटीवरच्या गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर धरून रोजची रक्कम खात्यातून काढून टाकणारे आपले लोक मी पाहिले आहेत. आम्ही ज्याला द्यायचे त्याला हातात देऊ, असे ते सांगतात. काही कंपन्यांत असा नियम असतो की ज्या प्रवाशाने रोजची रक्कम काढून घेतली त्याने हातात दिलेले रोख पैसे कर्मचाऱ्याने जमा करावेत, म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप केला त्याच्याकडे ते राहतच नाहीत. शिवाय कपडे धुणारा आणि भांडी घासणारा तुमच्यासमोर कधी येतच नाही. त्याला हातात देणार कसे? सेवा खरोखरच वाईट मिळाली तर तक्रार त्याच दिवशी करावी, पण शेवटच्या रात्री रांगेत उभे राहून रक्कम काढून घेऊ नये, एवढी विनंती वडिलांना माझ्यातर्फे अवश्य करा.

आता लिंबूपाण्याकडे येतो. बोटीवर एका वर्षी आमच्या अट्रियमच्या, म्हणजे बोटीच्या मधल्या उंच दालनातल्या, बारवर नागपूरकडचे एक आजोबा-आजी रोज संध्याकाळी साडेपाचला येत. आजींना लिंबू, सोडा, मीठ, थोडी साखर आणि कमी बर्फ असे पेय हवे असे. आमच्या यादीत असे काहीच नव्हते. ताजे लिंबू पिळायचे, मीठ मार्गारीटा या कॉकटेलच्या ग्लासाच्या कडेला लावण्याचे असे ते जाडे, म्हणून आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून घ्यायचे, मग सोडा अलगद ओतायचा. दोन ग्लासांना जवळपास चार मिनिटे लागत. त्या चार मिनिटांत सहा बिअर विकल्या गेल्या असत्या. या पेयाचे बिल होत नसे, कारण लिंबू, मीठ आणि साखर यांना मशीनमध्ये बटणच नाही आणि गनमधल्या (बारच्या नळीच्या पिस्तुलातल्या) सोड्याचे पैसे लावायला मन होत नसे. शून्याचे 18 टक्के शून्यच. आजींना याची कल्पना असण्याचे काही कारण नव्हते आणि मला मराठीत चार शब्द बोलायला मिळत होते, त्यामुळे माझी तक्रारही नव्हती. पण तिसऱ्या दिवशी आजोबांनी माझ्या नावाची पाटी वाचून गाव विचारले, मग बिल का येत नाही ते विचारले, आणि ऐकून घेतल्यावर खिशातून पाच डॉलरची नोट काढून काउंटरवर न ठेवता माझ्या तळहातावर ठेवली व म्हणाले, "हे फुकट नाही हो, तुमची मेहनत आहे." ती नोट मी घेतली आणि त्या रात्री त्यातले दोन डॉलर लिंबे आणून देणाऱ्या इंडोनेशियाच्या मुलाला दिले.

मुद्दा एवढाच की टक्केवारीची व्यवस्था विकलेल्या मालाला टीप लावते, केलेल्या कामाला लावत नाही. महाग वाइनची बाटली नुसती उघडून दिली तरी तिच्यावर पंधरा डॉलर टीप पडते आणि यादीबाहेरच्या लिंबू-सोड्यावर काहीच पडत नाही. दारू न पिणारे मराठी कुटुंब बोटीवर गेले की त्याच्या मागण्या बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या असतात: चहात आले घालता येईल का, मुलाच्या औषधासाठी कोमट पाणी मिळेल का, बर्फाशिवाय संत्र्याचा रस द्या, हा ग्लास दारूचा तर नव्हता ना, वेगळा द्या. या मागण्या रास्त आहेत आणि चांगला बारटेंडर त्या आनंदाने पुरवतो. तुमच्या आईवडिलांसाठी कोणी असे करत असेल तर त्याची नोंद बिलात कोठेही होणार नाही, म्हणून तेथे तुम्ही स्वतः द्यावे.

किती आणि कसे द्यावे याविषयी माझे मत असे आहे. निघण्यापूर्वी बँकेतून एक आणि पाच डॉलरच्या मिळून चाळीस-पन्नास डॉलरच्या सुट्या नोटा घ्या. बोटीवर सगळा व्यवहार कार्डावर चालत असल्यामुळे सुटे मिळवणे कटकटीचे होते. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी एखादा बार आणि तेथला माणूस आईवडिलांना आवडला की त्याला पाच डॉलर द्या आणि त्यांना काय हवे असते ते नीट सांगा. आठवड्याच्या मध्यावर पुन्हा पाच आणि शेवटी मनाला येईल तेवढे. त्याच्या मागे बर्फ आणि ग्लास वाहणारा मुलगा दिसला तर एखादा डॉलर त्यालाही द्या. त्याला प्रवाशाकडून सहसा काहीच मिळत नाही आणि त्याचा चेहरा तुम्हाला लक्षात राहील. तुमच्या स्वतःच्या पॅकेजच्या ग्लासांसाठी पावतीवरच्या रिकाम्या ओळीत आडवी रेघ मारून सही करा. रेघ यासाठी की नंतर हिशेबात घोळ झाला तर तुमच्याकडे पुरावा राहतो. जादा द्यायचेच असेल तर मी रोख पसंत करीन.

काही बोटींवर हा प्रश्नच उरत नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने 2019 मध्ये रोजची रक्कम लावणे बंद केले, आणि रीजंट, सीबोर्न, सिल्व्हरसी अशा महागड्या कंपन्यांच्या भाड्यातच ती धरलेली असते. तेथेही लिंबू-सोड्याचे गणित तेच राहते.

पैशांइतकीच, कधीकधी जास्त, उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे त्या माणसाचे नाव. बारटेंडरचे कॉन्ट्रॅक्ट सहा ते आठ महिन्यांचे असते आणि त्यात आठवड्याची सुट्टी नसते. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार कर्मचाऱ्याला 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळावी लागते, आणि बाकीच्या वेळात केव्हाही कामावर बोलावले जाऊ शकते. अशा नोकरीत पुढच्या कॉन्ट्रॅक्टला बढती मिळेल की नाही, चांगला बार मिळेल की नाही, हे ठरवताना प्रवाशांनी अभिप्रायाच्या अर्जात नाव घेऊन काय लिहिले ते वरिष्ठ पाहतात. "सेवा उत्तम होती" या वाक्याचा कोणालाच लाभ होत नाही. "अट्रियमच्या बारवरील अमुक याने माझ्या आईसाठी रोज यादीबाहेरचे पेय करून दिले" असे लिहिले तर ते मीटिंगमध्ये वाचून दाखवले जाते; माझ्याबाबतीत दोनदा वाचले गेले आणि त्यातल्या एका वाचनानंतर मला पूलच्या बारवरून आतल्या बारवर घेतले. नावाच्या पाटीवर नाव आणि देश दोन्ही असतात, त्याचा फोटो काढून ठेवा म्हणजे स्पेलिंग चुकणार नाही.

शेवटची जादा टीप मात्र अखेरच्या रात्रीवर ठेवू नका. त्या रात्री बारची मोजदाद चालू असते, माणसे एका बारवरून दुसऱ्या बारवर हलवलेली असतात, आणि तुम्ही बॅगा केबिनबाहेर ठेवून पाकीट घेऊन वर येईपर्यंत तो बहुधा कोठल्यातरी दुसऱ्याच डेकवर बाटल्या मोजत असतो. सहाव्या दिवशी संध्याकाळी, गर्दी सुरू होण्यापूर्वी, आईवडिलांनाच बरोबर न्या आणि नोट आईच्या हातून द्यायला लावा.