वाचकांचे प्रश्न : मलमलीचा झगा पोटावर का फुगतो?

प्रश्न : स्नेहसंमेलनात १८१५च्या सुमाराच्या इंग्लंडमधलं नाटक बसवतोय. खडेबाजारातून मलमल आणली, छातीखाली चुण्या घालून झगा शिवला, पण घालणारी मुलगी पोटुशी दिसते. काय चुकलं? (खानापूर)

उत्तर : ताई, चुण्या सगळ्या घेराला सारख्या वाटल्यात, चूक तिथंच आहे. त्या काळच्या झग्याचं पुढचं अंग जवळजवळ सपाट असे. घोळ सगळा पाठीमागं, मधोमध.

झगा उसवा. ४४ इंची पन्ह्याचे (रुंदीचे) दोन पट, म्हणजे पुढचा नि मागचा असे दोन तुकडे, लागतील. छातीखालचा घेर ३० इंच असेल तर पुढचा पट वर १६ इंच ठेवून दोन्हीकडून तिरका कापा, खाली पूर्ण पन्हा येऊ द्या. मागचा पट सरळच. पाठीच्या १४ इंचांपैकी दोन्ही कडांना चार-चार इंच सपाट, उरलेलं ३६ इंच कापड मधल्या ६ इंचांत बसवा. शिलाईची माया याखेरीज धरा.

एवढ्या चुण्या मशीनखाली चेपून एकावर एक चढतात. हातानं दोन सुतांच्या (पाव इंचाच्या) अंतरावर दोन धावदोरे घाला, टाक्याखाली बरोबर टाका. एकच दोरा घातला तर चुण्या फिरतात. दोन्ही दोरे एकदम ओढले की त्या पन्हाळी पत्र्यासारख्या उभ्या राहतात. मग एकेक चुणी एकेका टाक्यानं छातीखालच्या पट्टीला धरा. वेळ खाणारं काम आहे, पण झग्याचं सगळं रूप याच सहा इंचांत आहे.

आतला परकर कमरेला बांधला असेल तर मलमलीतून नाडी दिसते आणि मुलीला दोन कमरा येतात. परकराला खांद्यावरून पट्ट्या लावून तो छातीखाली उचला. खांद्याची शिवणही झंपरासारखी माथ्यावर नको, इंचभर पाठीकडं उतरवा.

प्रश्न : त्याच झग्याच्या घेरावर पांढऱ्या दोऱ्यानं कसुती (आपल्याकडचं कर्नाटकी भरतकाम) शोभेल का? (निपाणी)

उत्तर : शोभेल, पण ते त्या काळचं काम होणार नाही. कसुती धागे मोजून भरतात. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी हे चारही टाके मोजणीचे. तिकडं मलमलीवर वेलबुट्टी छापून भरीव टाक्यानं किंवा आकड्याच्या सुईनं साखळी घालून भरत. ही आकड्याची सुई म्हणजे आपली आरीच. हे काम १८व्या शतकात हिंदुस्थानातूनच युरोपात गेलं. तेव्हा बिनदिक्कत आरी वापरा.

कसुतीतली एक शिस्त मात्र पाळा : गाठ मारू नका. मलमलीतून गाठ आरपार दिसते, आणि एका फुलावरून दुसऱ्यावर मागून नेलेला दोराही. प्रत्येक फुलाला दोरा नव्यानं सुरू करा, शेवट मागच्या टाक्यांत गुंतवा. सहापदरी लडीतला एकच पदर घ्या. मलमल आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं आणि भरतकामाभोवती सुरकुत्या धरतात. भरून झाल्यावरच पट जोडा.