खेड्यातल्या लहान लेकरांना घेऊन दोन महिने जर्मनीला जायचं आहे. त्यांना तिथे करमावं म्हणून काय करावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: यवतमाळकडचं खेडं, एकत्र कुटुंब, ३ आणि ६ वर्षांची दोन मुलं, दोघंही आजीजवळ झोपणारी. मे-जूनमध्ये दिराच्या फ्लॅटवर मुक्काम. त्याच हिशेबाने लिहितो.

पहिल्या चार-पाच दिवसांचं रडणं बहुतेक झोपेचं असतं. खरं न करमणं त्यानंतर, नवलाई सरल्यावर सुरू होतं. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. लोक पहिल्याच रात्री घाबरून आजीला व्हिडिओ कॉल लावतात आणि लेकरू आणखी बिथरतं.

आधी झोप. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. गावात सकाळी ६ला उठणारं लेकरू तिथे रात्री अडीचला टक्क जागं होतं आणि संध्याकाळी साडेपाचपासून पेंगतं. शरीर साधारण दिवसाला एक तास सरकतं, म्हणून निघण्याआधीचे चार दिवस रोज अर्धा तास उशिरा झोपवा. सुट्ट्याच असतात, जमतं. तिथे पोहोचल्यावर संध्याकाळी ५ ते ७ घराबाहेर उजेडात ठेवा, दुपारची झोप तासाभराची आणि ३च्या आत उरकलेली. पहाटे जाग आली तरी दिवा आणि मोबाईल नको. अंधारातच पाणी पाजून, पाठीवर हात फिरवत पडून राहायचं. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो आणि पहाटे ४ ते ५च्या दरम्यान पुन्हा फटफटतं. खिडकीला बाहेरच्या बाजूने खाली ओढायची पट्ट्यांची झडप आहे का, ते दिराला आजच विचारा. नसेल तर जाड गडद चादर आणि चिमटे न्या.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात आपल्याकडची लेकरं कूलरच्या घरघरीत झोपतात. तिथल्या चिडीचूप खोलीत त्यांना झोपच लागत नाही. निघण्यापूर्वी मोबाईलवर कूलरचा १०-१५ मिनिटांचा आवाज भरून घ्या आणि रात्री हळू आवाजात, फोन उशीपासून लांब ठेवून पुन्हा पुन्हा वाजू द्या. गोधडीही न्या, पण निघण्याआधी धुऊ नका, तिचा घरचा वास राहू द्या. आजीचं वापरातलं लुगडं मिळालं तर अर्धं फाडून घ्या. आणि निदान १५ दिवस आधीपासून मुलांना आजीऐवजी तुमच्याजवळ झोपवा. आजी आणि घर एकाच दिवशी सुटलं तर दुप्पट जड जातं.

संडासाचं कोणी विचारत नाही, पण पोट दुखण्याचं ते मोठं कारण आहे. आपल्याकडच्या बैठकीची सवय असलेलं मूल उंच, थंड कमोडवर पाय लोंबकळत बसलं की रोखून धरतं. त्यात थंडीमुळे पाणी कमी आणि ब्रेड जास्त. तीन दिवस पोट साफ होत नाही आणि आई म्हणते, आठवणीनं खात नाही. पायाखाली पाट किंवा खोकं ठेवा, पाणी कोमट द्या, भिजवलेले मनुके द्या. तिथे बहुतेक घरांच्या संडासात धुण्यासाठी पाण्याची सोय नसते, टमरेल सोबत असू द्या.

खाण्यात नियम एकच: दिवसातलं एक जेवण ठरलेल्या वेळी, घरचंच, घरून नेलेल्या स्टीलच्या ताटलीत. बाकी वेळी तिथलं चाखू द्या, बळजबरी नको. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. गोडलिंबाचा ताजा पाला आणि आंबेही बिनप्रमाणपत्राचे जात नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात टाकू नका. तेलामुळे पेट घेण्याचा धोका धरून त्या काढून घेतात. न्यायचं ते हे: ज्वारीच्या कण्या, ज्वारीचं पीठ २ किलो, जवसाची चटणी, मुरमुरे, गूळ-शेंगदाण्याचे बिनतुपाचे लाडू. लाडू पहिल्या तीन दिवसांत संपवू नका, दुसऱ्या आठवड्यासाठी झाकून ठेवा. तूप तिथे ‘बुटरश्माल्झ’ नावाने मिळतं, मसूर डाळ साध्या दुकानात, तूर भारतीय दुकानात, सांबार (कोथिंबीर) तुर्की दुकानांत. पीठ जुनं झालं की भाकर थापताना चिरते, उकळत्या पाण्यात मळा. विजेच्या शेगडीवर जाळ नसल्याने फुगणार नाही, तव्यावरच फडक्याने दाबून भाजा. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा, कारण झोपायच्या खोल्यांत आणि बोळीत धुराची घंटा बसवलेली असते. ती एकदा वाजली की मुलं त्या खोलीत झोपायला भितात.

कॉल झोपायच्या वेळी कधीच नको. तिथले साडेचार म्हणजे गावातले रात्रीचे ८, शेतातून सगळे आलेले, जेवणं चाललेली. तेव्हा १० मिनिटं, रोज नाही तर एक दिवसाआड. आजी-आबाजींना आधीच सांगून ठेवा: “कधी येतं रे माह्या लेकरा, तुह्याबिगर करमत नाही” असं म्हणायचं नाही, पदर डोळ्याला लावायचा नाही. त्याऐवजी गोठ्यातली गोऱ्ही दाखवा, मांजर दाखवा, आज काय रांधलं ते सांगा. वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची, म्हणून आजीच्या आवाजातल्या आठ-दहा गोष्टी निघण्याआधीच भरून घ्या.

“उद्या जाऊ घरी” हे खोटं आश्वासन सर्वांत महाग पडतं. तीन वर्षांच्या मुलाला साठ दिवस कळत नाहीत, पण बाजाराचा दिवस कळतो. कागदावर आठ चौकोन काढा, म्हणजे आठ बाजार. गावच्या बाजाराच्या दिवशी त्यानेच एक चौकोन रंगवायचा. सहा वर्षांच्याला नकाशा आणि तारखा चालतात.

गावात दिवसभर गल्लीत फिरणारी लेकरं फ्लॅटमध्ये कोंडली की वाड्याची, कुत्र्याची, मोकळ्या पायांची आठवण काढतात. जर्मनीत जवळपास प्रत्येक वस्तीत वाळूचं खेळण्याचं मैदान असतं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, पाऊस असला तरी रेनकोट आणि गमबूट घालून. वाळूत खेळायला भाषा लागत नाही. ‘हॅलो’, ‘डांके’ आणि ‘टोआलेटे’ एवढं पुरे. तुम्ही स्वतः दिवसभर खोलीत एकट्या बसून गावाकडे फोन करत राहिलात, तर लेकरं तेच उचलतील.

दोन आठवड्यांनंतरही झोप उडालेली, खेळ बंद, जेवण निम्म्यावर असेल तर ती आठवण समजून थांबू नका. ताप, उलट्या किंवा लघवी फार कमी होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. दवाखाने बंद असताना ११६११७ला फोन करा, जिवावरचं असेल तर ११२ला. शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) काढलेला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा अशा तातडीच्या आजारपणासाठीच असतो. त्याची प्रत मोबाईलमध्ये आणि एक दिराकडे ठेवा.